रिक्षामागचे चित्र आणि खिशातली पावती

बेंगळुरूच्या चिकपेट मेट्रो स्थानकातून वर आले की माणूस एकदम जुन्या पेठेच्या गर्दीत सापडतो. रेशमी साड्यांची घाऊक दुकाने, कापडाचे गठ्ठे वाहणारे हमाल, हातगाड्या, आणि या साऱ्यांतून इंचाइंचाने वाट काढणाऱ्या रिक्षा. केंपेगौडांनी सोळाव्या शतकात वसवलेल्या या पेठेचे बोळ बैलगाडीच्या मापाने आखलेले आहेत. त्यात तीन चाकांचे वाहन चालवणे हे कसबाचे काम आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून या शहराशी मराठीचे नाते आहे आणि पेठेत आजही मराठी बोलणारी घरे आहेत. मराठी वाचकाला हा परिसर त्यामुळे फारसा परका वाटणार नाही. त्याला कुतूहल वाटेल ते रिक्षांच्या पाठीवरील चित्राचे. कधी काचेवर चिकटवलेले, कधी हुडावर रंगवलेले, कधी थांब्यावरील फलकावर हार घातलेले एका तरुणाचे हसरे चित्र या शहरात वारंवार दिसते. ते शंकर नाग यांचे आहे. 30 सप्टेंबर 1990 रोजी त्यांचे निधन झाले. जितकी वर्षे ते जगले, जवळपास तितकीच वर्षे आता त्यांच्या मृत्यूला होत आली आहेत. ज्यांनी त्यांना पडद्यावरही पाहिले नाही, असे चालक आज त्यांचे चित्र लावून धंद्याला निघतात.

कामगार चळवळीचा अभ्यास करणाऱ्यांनी या चित्राकडे गांभीर्याने पाहायला हवे. गिरणी कामगारांनी आपल्या पुढाऱ्यांच्या तसबिरी लावल्या, गोदी कामगारांनी आपल्या. कर्नाटकातील रिक्षाचालकांनी मात्र ज्याला आपला मानले तो कामगार पुढारी नव्हता, नट आणि दिग्दर्शक होता. असे का घडले, आणि त्या निवडीतून चालकांच्या संघटनांचे बळ व त्यांची उणीव या दोन्ही गोष्टी कशा दिसतात, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या आयुष्याकडे वळावे लागेल.

शंकर नागरकट्टे यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1954 रोजी होन्नावर परिसरातील एका कोकणी भाषक चित्रापूर सारस्वत कुटुंबात झाला. तो भाग तेव्हा मुंबई राज्यात मोडत होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि उत्तर कन्नड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे शंकर नाग जन्माने मुंबई राज्याचे आणि कीर्तीने कर्नाटकाचे ठरले. तारुण्यात ते मुंबईत आले, ते त्या काळी कारवार-होन्नावरकडच्या असंख्य मुलांच्या वाटेनेच. थोरले बंधू अनंत नाग तेथे आधीच रंगभूमीवर आणि चित्रपटांत पाय रोवत होते.

सत्तरच्या दशकातील मुंबईने शंकर नाग यांना घडवले. मराठी प्रायोगिक रंगभूमी तेव्हा जोमात होती आणि हा कोकणी भाषक तरुण तिच्यात रमला. पुढे ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या अरुंधती राव त्यांना याच रंगभूमीच्या वर्तुळात भेटल्या. चापेकर बंधूंनी पुण्यात केलेल्या रँडच्या वधावरील ‘22 जून 1897’ या नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा सहभाग होता. नाटक ही सामुदायिक मेहनतीची गोष्ट आहे. पडदा ओढणाऱ्यापासून मुख्य नटापर्यंत प्रत्येकाने वेळ पाळली तरच प्रयोग उभा राहतो. ही शिस्त शंकर नाग यांनी मुंबईत अंगी बाणवली आणि बेंगळुरूला जाताना सोबत नेली.

गिरीश कार्नाड यांच्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’ या चित्रपटाने त्यांना कन्नड पडद्यावर आणले. 1978 साली आलेल्या या चित्रपटात ते भाडोत्री योद्ध्याच्या भूमिकेत होते आणि त्या भूमिकेसाठी भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. समीक्षकांच्या कौतुकावर समाधान मानून ते कलात्मक चित्रपटांच्या छोट्या जगात राहू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. बेंगळुरूत स्थायिक होऊन त्यांनी मारधाडीचे, गाण्यांचे, गल्ल्यावर चालणारे चित्रपट स्वीकारले आणि त्यातून मिळालेला पैसा व लोकप्रियता आपल्या नाटकांत आणि स्वतःच्या दिग्दर्शनात घातली.

1980 साली पडद्यावर आलेला ‘ऑटो राजा’ हा अशाच लोकप्रिय चित्रपटांपैकी एक. दिग्दर्शन विजय यांचे होते. कथा साधी होती: एक प्रामाणिक, मानी रिक्षाचालक आणि श्रीमंत घरातील मुलगी. चित्रपटाच्या दृष्टीने त्यात क्रांतिकारक असे काही नव्हते. रिक्षाचालकाच्या दृष्टीने मात्र होते. तोवर पडद्यावर रिक्षा यायची ती नायकाला कुठेतरी पोहोचवण्यासाठी. तिचा चालक म्हणजे पाठमोरी मान आणि पुढे केलेला हात. येथे कॅमेरा पहिल्यांदा चालकाच्या चेहऱ्यावर स्थिरावला. खाकी सदरा हा नायकाचा वेश झाला. पुढे 1995 साली याच बेंगळुरूत मराठी कुटुंबात वाढलेल्या रजनीकांत यांनी ‘बाशा’ या तमिळ चित्रपटात रिक्षाचालकाला तसाच मान मिळवून दिला. कर्नाटकात मात्र ती जागा शंकर नाग यांनी कायमची पटकावली होती.

चालकांनी ही भूमिका एवढी उराशी का धरली, याचे उत्तर त्यांच्या कामाच्या स्वरूपात आहे. कारखान्यातील कामगाराला एक फाटक असते, एक भोंगा असतो आणि समोर एक मालक असतो. संघटना त्या फाटकावर जन्माला येते. रिक्षाचालकाला यातले काहीच नसते. तो दिवसभर एकटा असतो. त्याचा मालक कधी परवानाधारक, कधी कर्ज देणारा सावकार, कधी तो स्वतःच. शेजारचा चालक त्याचा सहकारीही असतो आणि प्रतिस्पर्धीही, कारण एकाला मिळालेले भाडे दुसऱ्याचे गेलेले असते. सभेला घालवलेला प्रत्येक तास खिशातून जातो. अशा धंद्यात माणसे एकत्र येण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे थांबा. रांग कोणी मोडायची नाही, नव्या गाडीला केव्हा सामावून घ्यायचे, कोणाच्या अपघातात किती वर्गणी काढायची, मुलांच्या शाळेच्या सुरुवातीला कोणाची अडचण भागवायची, हे सारे थांब्यावर ठरते. थांब्याला नाव लागते, फलक लागतो, आणि 1 नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सव साजरा करताना हार घालण्यासाठी एक तसबीर लागते.

त्या तसबिरीत पक्षाचा पुढारी बसवला तर अर्धे चालक दूर जातात. जातीचा महापुरुष निवडला तर उरलेले दुरावतात. शंकर नाग कोणत्याही गटाला परके नव्हते. कोकणी घरात जन्मलेले, मराठी रंगभूमीवर तयार झालेले आणि कन्नडमध्ये नावारूपाला आलेले हे व्यक्तिमत्त्व परगावाहून शहरात येऊन पोट भरणाऱ्या प्रत्येकाला आपलेसे वाटले. चालकांनी त्यांच्यात स्वतःचे सुधारलेले रूप पाहिले. संघटनेच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी मागणीपत्राच्या आधी प्रतिष्ठेची मागणी नोंदवली.

शंकर नाग स्वतः मात्र त्या एका भूमिकेत अडकून पडले नाहीत. त्याच 1980 साली त्यांनी ‘मिंचिन ओट’ हा वाहनचोरांवरील चित्रपट दिग्दर्शित केला आणि राज्य पुरस्कारांत त्याने मोठी बाजी मारली. त्यानंतरचा ‘ॲक्सिडेंट’ हा चित्रपट आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. मद्य आणि नशेच्या धुंदीत पदपथावर झोपलेल्या गरिबांना गाडीखाली चिरडणारा राजकारण्याचा मुलगा आणि ते प्रकरण दडपण्यासाठी राबणारी सत्ता, असे त्याचे कथानक होते. त्याला सामाजिक प्रश्नावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शहरातील रस्ता कोणाचा, हा प्रश्न पुढे अनेक खटल्यांत देशाने ऐकला. शंकर नाग यांनी तो आधीच पडद्यावर मांडला होता. आर. के. नारायण यांच्या कथांवरील ‘मालगुडी डेज’ ही दूरदर्शन मालिका त्यांनी आगुंब्याच्या पावसाळी परिसरात चित्रित केली आणि महाराष्ट्रातील घराघरांत त्यांचे नाव पोहोचले ते तिच्यामुळे.

चित्रपटांबाहेरचे शंकर नाग धोरणात रस असणाऱ्यांना अधिक उद्बोधक वाटतील. कन्नड चित्रपटांना ध्वनिमुद्रणासाठी मद्रासवर अवलंबून राहावे लागत होते, म्हणून त्यांनी बेंगळुरूत ‘संकेत’ हा अद्ययावत स्टुडिओ उभारला. बेंगळुरूला भुयारी रेल्वे हवी, नंदी टेकडीवर रज्जुमार्ग हवा, गरिबांसाठी कमी खर्चाची आणि लवकर उभी राहणारी घरे हवीत, अशा योजनांचा त्यांनी ध्यास घेतला होता. एखाद्या नटाने सरकारकडे रेल्वेचे प्रस्ताव घेऊन जावे, हे तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटले असणार. बेंगळुरूत मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर 2011 मध्ये सुरू झाला आणि चिकपेटच्या खालून गाडी धावू लागली ती जून 2017 मध्ये. रामकृष्ण हेगडे यांच्या नेतृत्वाखालील जनता पक्षाच्या प्रचारातही नाग बंधू उतरले होते. सार्वजनिक जीवनाविषयीची शंकर यांची ओढ अशी अनेक अंगांनी प्रकट होत होती.

30 सप्टेंबर 1990 च्या पहाटे दावणगेरेजवळच्या आनगोडू गावाशी त्यांच्या मोटारीला अपघात झाला. चित्रीकरणासाठी ते लोकापूरकडे निघाले होते. मुंबई, पुणे आणि बेंगळुरू यांना जोडणाऱ्या त्याच महामार्गावर, ज्याने त्यांच्या आयुष्याची दोन शहरे बांधली होती, त्यांचा अंत झाला. वय अवघे 35. सोबत असलेल्या पत्नी अरुंधती जबर जखमी झाल्या. त्या आणि लहानगी मुलगी बचावल्या. दोनच चाकांवर किंवा तीन चाकांवर पोट असणाऱ्यांना रस्त्यावरचा मृत्यू नवा नसतो. आपला राजा रस्त्यावरच गेला, याने चालकांचे त्यांच्याशी असलेले नाते आणखी घट्ट झाले. राज्यभर त्यांच्या नावाचे थांबे आणि चालकांची मंडळे उभी राहिली.

आता या वारशाची दुसरी बाजू पाहू. चित्र लावायला वर्गणी लागत नाही. संघटनेला लागते. 1926 च्या कामगार संघटना कायद्याखाली पूर्वी सात जणही संघटनेची नोंदणी करू शकत होते. 2001 च्या दुरुस्तीने किमान संख्येची अट कडक केली आणि त्याच वेळी असंघटित क्षेत्रातील सभासदासाठी किमान वर्गणी ठरवली ती वर्षाला तीन रुपये. ही रक्कम सांगण्याचा हेतू असा की, कायद्याच्या लेखी चालकाला सभासद होणे कधीच महाग नव्हते. तरीही देशभर चालकांच्या संघटनांची सभासदसंख्या बेभरवशाची राहिली. आंदोलनाच्या दिवशी हजारो गाड्या थांबतात, आणि पुढच्या महिन्यात वर्गणी गोळा करायला गेले की मोजकेच खिशात हात घालतात.

याची कारणे चालकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. रिक्षाचे भाडे मोटार वाहन कायद्यानुसार शासनाची यंत्रणा ठरवते. बेंगळुरूत डिसेंबर 2021 मध्ये पहिल्या दोन किलोमीटरचे भाडे 30 रुपये झाले. पुढची वाढ 1 ऑगस्ट 2025 रोजी आली आणि ते 36 रुपयांवर गेले. मधल्या साडेतीन वर्षांहून अधिक काळात इंधन, विमा, सुटे भाग यांचे दर कोणी रोखून धरले नव्हते. भाडेवाढीचा लाभ सभासद आणि बिगरसभासद दोघांनाही सारखाच मिळतो. मग वर्गणी कोणी का भरावी? दुसरीकडे, शासन संघटनेचे बळ मोजते ते सभासदांच्या नोंदवहीवरून नाही, रस्ते किती ओस पडले यावरून. 11 सप्टेंबर 2023 रोजी खासगी वाहतूकदारांच्या तीसहून अधिक संघटनांनी बेंगळुरू बंद पुकारला. महिलांना सरकारी बसमधून मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे बुडालेले उत्पन्न आणि दुचाकी टॅक्सी हे त्यांचे प्रमुख मुद्दे होते. एका शहराच्या वाहतुकीत तीसहून अधिक संघटना असणे हेच पुरेसे बोलके आहे. जेथे बळ बंदने मोजले जाते तेथे सभासद जोपासण्यापेक्षा नवी संघटना काढणे सोपे जाते.

थांब्यावरच्या एकीचीही एक काळी बाजू आहे. जी रांग आतल्याचे रक्षण करते तीच बाहेरच्याला अडवते. मीटर न टाकणे, जवळचे भाडे नाकारणे, रात्री अवाच्या सवा मागणे, या तक्रारी बेंगळुरूचा प्रवासी रोज करतो, आणि मुंबई-पुण्याच्या वाचकालाही त्या अनोळखी नाहीत. पडद्यावरच्या राजाने प्रवाशाचा विश्वास कमावला होता. त्याचे चित्र लावणाऱ्या मंडळांनी सभासदाच्या वर्तनाची जबाबदारी क्वचितच घेतली. समाजाचा आदर हवा असेल तर समाजाशीही काही करार करावा लागतो. हा करार मोडल्याची किंमत चालकांनी पुढे चुकवली: मोबाइलवर गाडी मागवण्याची सोय आली तेव्हा प्रवाशांनी तिचे स्वागत केले आणि थांब्यांची बाजू घ्यायला फारसे कोणी उरले नाही.

येथे मुंबईची आठवण अपरिहार्य आहे. मंगळुरूत जन्मलेले जॉर्ज फर्नांडिस पाद्री होण्यासाठी 1946 साली बेंगळुरूच्या धर्मपीठात दाखल झाले, तेथून भ्रमनिरास होऊन बाहेर पडले आणि मुंबईत गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे त्यांनी ज्यांना संघटित केले त्यांत महापालिका कामगार होते, उपाहारगृहांतील पोरे होती आणि टॅक्सीचालकही होते. मोर्चाइतकेच पतपुरवठ्याचे महत्त्व त्यांना कळले होते. 1968 साली त्यांच्या पुढाकाराने बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली, ती यातूनच. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या चालकाला संघटनेत टिकवायचे तर त्याला पावतीच्या बदल्यात काही हाती लागले पाहिजे, हा त्यामागचा व्यवहार होता. तीच बँक पुढे न्यू इंडिया या नावाने ओळखली गेली आणि 2025 मध्ये गैरव्यवहारांमुळे रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांखाली येऊन अखेर सारस्वत बँकेत विलीन झाली. संस्था उभारणे जितके कठीण, तितकेच ती सचोटीने चालवणे कठीण, हा धडाही त्याच इतिहासातून मिळतो. तरी फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबईच्या टॅक्सीचालकाला पुढाऱ्याने पासबुक द्यायचा प्रयत्न केला. बेंगळुरूच्या चालकाने नायकाकडून स्वाभिमान घेतला. टिकाऊ संघटनेला दोन्ही लागतात.

शंकर नाग यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी त्यांचे शहर मोबाइलवरून गाडी मागवण्याच्या धंद्याची राजधानी झाले. उबरने 2013 साली भारतात पहिले पाऊल टाकले ते बेंगळुरूत. ओलाचे मुख्यालयही येथेच आले. सुरुवातीला चालकांना भरघोस प्रोत्साहनरक्कम मिळाली. अनेकांनी कर्ज काढून मोटारी घेतल्या. मग प्रोत्साहन आटले, कंपनीचा हिस्सा वाढला आणि हप्ते मात्र तेवढेच राहिले. फेब्रुवारी 2017 मध्ये बेंगळुरूच्या टॅक्सीचालकांनी संप केला, तेव्हा या धंद्यातील नवी अडचण उघड झाली. थांबा नाहीसा झाला होता. चालक एकमेकांना भेटत नव्हते. भाडे शासन ठरवत नव्हते, एक अदृश्य गणिती यंत्रणा ठरवत होती आणि तिच्याशी वाटाघाट करायला टेबलच नव्हते.

काही मार्ग निघाले. नोव्हेंबर 2022 मध्ये रिक्षाचालकांच्या एका संघटनेच्या सहकार्याने ‘नम्म यात्री’ ही सेवा सुरू झाली. प्रत्येक भाड्यातून हिस्सा कापण्याऐवजी चालकाकडून दिवसाला ठरावीक रक्कम घ्यायची, अशी तिची रचना पुढे स्थिरावली. संघटनेने तंत्रज्ञानाला विरोध करण्याऐवजी त्यात भागीदार व्हावे, हा यातील नवा विचार होता. शासनानेही हालचाल केली. 2023 मध्ये राजस्थानने सुरुवात केल्यानंतर कर्नाटकाने 2025 मध्ये अशा मंचांवर काम करणाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. त्यानुसार कंपन्यांना प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिल्या जाणाऱ्या रकमेच्या एक ते पाच टक्क्यांदरम्यान कल्याण शुल्क द्यावे लागेल, कामगारांची नोंदणी होईल, त्यांना ओळखक्रमांक मिळेल आणि पूर्वसूचनेशिवाय त्यांचे खाते बंद करण्यावर मर्यादा येतील.

हा कायदा स्वागतार्ह आहे. त्यातील एक प्रश्न मात्र सभासदत्वाशी थेट निगडित आहे. कल्याण मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी असतील, पण त्यांची नेमणूक शासन करणार आहे. अशी नेमणूक आपल्याला नवी नाही. महाराष्ट्राच्या 1969 च्या माथाडी कायद्यातही मंडळावरील सदस्य शासनच नेमते. तेथे ती व्यवस्था काही दशके अर्थपूर्ण ठरली, कारण अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी उभारलेल्या संघटनेकडे प्रत्यक्ष सभासद होते आणि शासनाला त्यांना डावलणे परवडणारे नव्हते. कायद्याने दिलेली खुर्ची तेवढीच भक्कम असते जेवढी तिच्यामागची सभासदांची यादी. ज्या शहरात तीसहून अधिक संघटना आहेत, तेथे प्रतिनिधी कोण हे मंत्रालयातच ठरण्याचा धोका मोठा आहे.

केंद्राच्या पातळीवर अडचण आणखी मूलभूत आहे. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाट करणारी संघटना ठरवण्यासाठी, एकाहून अधिक संघटना असतील तेव्हा, आस्थापनेच्या हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांच्या पाठिंब्याचा निकष ठेवला आहे. असंघटित कामगार संघटना काढू शकतात. पण ज्याचे नाव कोणाच्याच हजेरीपटावर नाही, त्या चालकाने हे 51 टक्के कशाचे मोजायचे? मंचावरील चालकांना सामाजिक सुरक्षा संहितेत स्थान मिळाले, वाटाघाटीच्या प्रकरणात नाही. त्याला विमा मिळू शकेल, पण दर ठरवताना बोलण्याचा हक्क मिळणार नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांना कामगार मानले आणि त्यानंतर तीनच महिन्यांत कंपनीने जीएमबी या संघटनेला मान्यता देणारा करार केला. न्यायालयाचा निकाल आणि सभासदांची संघटना एकत्र आली तेव्हाच तेथे टेबल मांडले गेले.

भारतात हे अशक्य नाही. मंचावर नोंदलेल्या चालकांची यादी आता कायद्यानेच तयार होणार आहे. हजेरीपटाऐवजी ती यादी आधार धरून चालकांना आपले प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडू देता येतील. मतदानासाठी लागणारा ओळखक्रमांक त्यांच्याकडे असेलच. त्याच्या बदल्यात संघटनांनी हिशेब तपासून घेणे, सभासदांची नोंदवही खुली ठेवणे आणि प्रवाशांच्या तक्रारींसाठी स्वतःची शिस्तयंत्रणा उभारणे, या अटी घालणे अवाजवी ठरणार नाही. कंपन्या म्हणतील की चालक हे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. स्वतंत्र व्यावसायिक आपला दर स्वतः ठरवतो. ज्याला तो ठरवता येत नाही, त्याला निदान तो ठरवणाऱ्यासमोर बसता आले पाहिजे.

शंकर नाग यांची बेंगळुरूत दोन स्मारके आहेत. एक हजारो रिक्षांवर फिरते. दुसरे जे. पी. नगरमध्ये एका जागी उभे आहे. अरुंधती नाग यांनी अनेक वर्षे खपून, देणग्या जमवून ‘रंग शंकरा’ हे नाट्यगृह बांधले आणि ऑक्टोबर 2004 मध्ये ते खुले झाले. तेथे नाटक ठरल्या वेळी सुरू होते आणि उशिरा आलेल्याला, तो कोणीही असो, आत सोडत नाहीत. नाट्यसंस्थांना परवडेल असे भाडे आणि सर्वांना सारखा नियम, यावर ते नाट्यगृह दोन दशके उभे आहे. एका माणसाच्या आठवणीचे संस्थेत रूपांतर होते ते असे, रोजच्या हिशेबातून आणि कोणासाठीही न वाकणाऱ्या नियमांतून.

चिकपेटच्या बोळात अडकलेल्या रिक्षांवरचे पहिले स्मारक अधिक जिवंत आहे, याबद्दल शंका नाही. एखाद्या श्रमिक समूहाने स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी निवडलेले ते चिन्ह आहे आणि कोणत्याही शासनाला ते निर्माण करता आले नसते. पण चित्र भाडेवाढीच्या बैठकीला जात नाही, बंद झालेले खाते उघडून देत नाही, मंडळावर मत नोंदवत नाही. त्यासाठी त्या चित्राखाली बसलेल्या माणसाच्या खिशात चालू वर्षाची वर्गणीची पावती असावी लागते. आणि ती पावती दाखवल्यावर समोरच्याला ऐकावेच लागेल, अशी तरतूद कायद्यात असावी लागते.